पूर-वादळाच्या दिवसांसाठी शिधा भरताय? या चुका टाळा

साठा करायचा म्हटलं की आपण धान्याचे डबे मोजतो, आणि पहिली चूक तिथेच होते. एका पावसाळ्यात रस्ते बंद झाले, तेव्हा आमच्या घरी महिनाभराचं धान्य होतं. पण नळ कोरडा होता आणि वीज नसल्याने विजेची शेगडी पेटत नव्हती. दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या गॅसवर शिजवून खाल्लं. तेव्हापासून शिधा भरताना मी आधी बघते ते हे, की यातलं न शिजवता काय खाता येईल? निदान तीन दिवसांचं तसं खाणं घरात असावं, आणि ते रोजच्या खाण्यातलंच असावं. एरवी कुणी तोंडात घालत नाही असे डबे अडचणीसाठी म्हणून आणले, की ते मुदत संपेपर्यंत तसेच पडून राहतात. नवीन आणलेलं मागे ठेवा, जुनं पुढे ओढा.

पाण्याचा हिशोब तर बहुतेक घरांत होतच नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर धरा. चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी हे जवळपास ५० लिटर होतं. उष्णतेच्या लाटेत आणि घरात बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्याहून जास्त. पाण्याची शंका आली तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, उंच डोंगरावर तीन मिनिटं. मात्र पुराच्या पाण्यात खत, कीटकनाशक किंवा इंधन मिसळलं असेल, तर उकळूनही ते विष जात नाही. असं पाणी वापरूच नका.

वीज गेली की दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून बघायची सवय सोडा. दार बंद राहिलं तर फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. वादळाचा इशारा आला की बाटल्यांमध्ये थोडी जागा सोडून पाणी भरा आणि फ्रीझरच्या रिकाम्या जागेत ठेवा. थंडावाही टिकतो आणि वितळल्यावर प्यायलाही येतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांपलीकडे तापली असेल तर एकच तास. 'वास तर बरा येतोय' म्हणून ताटात वाढू नका. विषबाधा करणारे बरेच जंतू वासावरून किंवा चवीवरून कळत नाहीत.

धान्याला ओल लागली की बुरशी धरते, आणि काही बुरशींचं विष शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून डबे जमिनीवर नकोत, भिंतीला टेकूनही नकोत. पुराचं पाणी लागलेल्या पिशव्या, पुठ्ठ्याची खोकी, फिरकीच्या झाकणाच्या बरण्या टाकून द्या. जीव तुटतो, मला माहीत आहे, तरी टाका. पत्र्याचे सीलबंद डबे शाबूत असतील तर धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतात. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा मात्र नकोच.

खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून घेऊ नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

'लागलं तर दुकानातून आणू' हा भरवसाही सोडा. दुकानं थोड्याच दिवसांचा माल ठेवतात आणि रस्ता तुटला की आधी ताजा भाजीपाला, दूध बंद होतं. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे कोसळणारा पाऊस आणखी जोरात कोसळतो. असे दिवस आता वारंवार येणार हे धरूनच चाला.

आणि एकट्यापुरता साठा करू नका. आपल्या गल्लीत एकटं कोण राहतं, कुणाला औषधाबरोबर वेळेवर खावं लागतं, कुणाकडे तान्हं मूल आहे, हे इशारा येण्याआधी विचारून ठेवा. आमचं शेजाऱ्यांशी आता ठरलंय: गॅस त्यांचा, पाण्याचे कॅन आमचे, आणि वरच्या मजल्यावरच्या आजींचा डबा आधी जाणार.