शोधनिबंधाची संदर्भसूची : नामपृष्ठापासून अखेरच्या तपासणीपर्यंत

निबंध लिहून झाल्यावर शेवटच्या रात्री संदर्भसूची करायला बसणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि सूचीतल्या बहुतेक चुका तिच्यातूनच निपजतात. सूचीतली नोंद पुस्तक हातात असतानाच तयार व्हायला हवी. मुखपृष्ठावर विसंबू नये. आतले नामपृष्ठ आणि त्याची मागची बाजू पाहून लेखकाचे नाव, उपशीर्षकासह पूर्ण शीर्षक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनस्थळ आणि वर्ष उतरवून घ्यावे. नियतकालिकातला लेख असेल तर खंड, अंक आणि पहिल्यापासून शेवटपर्यंतचे पृष्ठांक घ्यावेत. अवतरण टिपताना पृष्ठांक त्याच ओळीत लिहावा. पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर तो शोधणे म्हणजे सगळे पुस्तक पुन्हा चाळणे.

यानंतर ज्या जर्नलकडे निबंध पाठवायचा आहे त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात आणि त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला एखादा लेख शेजारी ठेवावा, कारण सूचना आणि प्रत्यक्ष छपाई यांत पुष्कळदा थोडा फरक असतो. संदर्भ मांडण्याच्या ठरीव शैली विषयागणिक वेगळ्या असतात : सामाजिक शास्त्रांत बहुधा एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीची सातवी आवृत्ती चालते, भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन), इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत आणि वैद्यकात व्हँकुव्हर. फरक समजण्यासाठी डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा प्रसिद्ध लेख घेऊ. जर्नलला पाठवताना नोंद अर्थातच रोमन लिपीत जाईल, पण मांडणी देवनागरीतही दिसते. एपीएमध्ये ती अशी होते :

वॉटसन, जे. डी., व क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स. नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८.

आणि व्हँकुव्हरमध्ये अशी :

१. वॉटसन जेडी, क्रिक एफएचसी. मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.

पहिल्या पद्धतीत वर्ष लेखकांच्या लगेच पाठोपाठ कंसात येते, नियतकालिकाचे नाव आणि खंडाचा आकडा तिरप्या टायपात असतो, अंकाचा आकडा मात्र कंसात आणि सरळ. दुसऱ्या पद्धतीत आद्याक्षरांमागची टिंबे जातात, वर्ष नियतकालिकाच्या नावानंतर जाते आणि शेवटच्या पृष्ठांकातले पुन्हा येणारे आकडे गाळले जातात. एपीएची सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लागते, तर व्हँकुव्हरची सूची मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतात त्या क्रमाने. तोच संदर्भ पुढे पुन्हा आला तर त्याचा पहिलाच क्रमांक कायम राहतो. म्हणून व्हँकुव्हरमध्ये क्रमांक हाताने टाकू नयेत. मध्येच एक परिच्छेद वाढला की पुढचे सगळे आकडे हलतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव आणि ‘व इतर’ एवढेच येते. सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सर्व नावे द्यावी लागतात. याच आवृत्तीने पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ काढून टाकले आहे, तरीही ते टिपून ठेवावे असे मी सुचवीन, कारण मराठी नियतकालिके ते अजून मागतात.

मराठी साधनांच्या नोंदीत याहून अधिक काळजी लागते. नावाआधीचे डॉ., प्रा., कै. हे सूचीत येत नाहीत. ‘वि. का. राजवाडे’ यांची नोंद ‘राजवाडे, वि. का.’ अशी होते. पण संत तुकारामांची नोंद ‘तुकाराम’ याच नावाखाली लागते, तिथे आडनाव शोधत बसू नये. टोपणनावाने प्रसिद्ध झालेले पुस्तक नामपृष्ठावरच्या नावाखालीच नोंदवावे. कुसुमाग्रजांच्या कवितासंग्रहाची नोंद शिरवाडकर या आडनावाखाली केली तर मजकुरात ‘कुसुमाग्रज’ वाचणाऱ्याला ती सूचीत सापडणार नाही.

वर्षाच्या बाबतीत दोन ठिकाणी पाय घसरतो. जुन्या पुस्तकांवर शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८२० च्या चैत्रात इसवी सन १८९८ असतो आणि त्याच शकाच्या फाल्गुनात १८९९. महिना कळत नसेल तर ‘शके १८२० (१८९८–९९)’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे. दुसरी अडचण पुनर्मुद्रणाची. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची, आणि आपल्या हातात असते ती बरीच नंतरची प्रत. मी एकदा नुसते ‘फुले, १९९१’ असे लिहून निबंध पाठवला होता. परीक्षकांनी समासात विचारले, ‘लेखकाने हे निधनानंतर एकशे एक वर्षांनी लिहिले काय?’ एपीएमध्ये यावर सोपा उपाय आहे : मजकुरात ‘फुले, १८७३/१९९१’ अशी दोन्ही वर्षे द्यावीत आणि सूचीतल्या नोंदीच्या शेवटी मूळ प्रकाशनाचे वर्ष सांगावे.

दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेले वाक्य आपण घेतले असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि सूचीत आपण प्रत्यक्ष वाचलेले पुस्तकच घालावे. न वाचलेल्या मूळ ग्रंथाची नोंद घालून सूची फुगवणे जाणत्या परीक्षकाच्या लगेच लक्षात येते. दफ्तरखान्यातल्या कागदासाठी संस्थेचे नाव, दफ्तर, रुमाल (कागदांचे बांधलेले गाठोडे) क्रमांक आणि कागदाची तारीख द्यावी. निबंध इंग्रजी जर्नलसाठी असेल तर एपीएनुसार मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यावा लागतो. अशा वेळी लिप्यंतराची एकच पद्धत पाळावी, नाहीतर एकाच लेखकाचे आडनाव सूचीत दोन स्पेलिंगांनी अवतरते.

संदर्भ साठवून सूची लावणारे झोटेरोसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर हे काम बरेच हलके करते, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. संकेतस्थळावरून आपोआप आलेल्या नोंदीत कधी नाव आणि आडनाव उलटलेले असते, कधी शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत असते. मराठी नोंदींमध्ये ‘एट अल.’ तसेच उमटते, ते ‘व इतर’ असे बदलावे. वर्णक्रमही डोळ्यांनी पाहावा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, त्यामुळे ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर यायला हवे. संगणकाच्या संकेतक्रमात मात्र ळ हा ल च्या शेजारी असल्याने काही प्रोग्रॅम काळ्यांना कासारांच्या आधी नेऊन बसवतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर रूपांतरित केला असेल तर जोडाक्षरे आणि रफार मोडले नाहीत ना, हेही पाहावे.

अखेरची तपासणी कागदावर करावी. निबंधाची छापील प्रत घेऊन मजकुरातला एकेक संदर्भ सूचीत शोधावा आणि दोन्हीकडे खूण करावी. मग सूचीत ज्या नोंदीसमोर खूण झाली नाही ती एकतर काढावी किंवा तिचा उल्लेख कुठे सुटला ते पाहावे. ज्या नोंदींना डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) आहे त्यांचा प्रत्येक दुवा उघडून तोच लेख समोर येतो का, हे बघावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचवलेला संदर्भ असेल तर हे टाळताच येणार नाही, कारण तशा नोंदीत कधीकधी लेखक खरा, नियतकालिक खरे, खंडही पटण्यासारखा असतो आणि लेख मात्र कुठेच छापलेला नसतो.