संगणकीय पात्राच्या चेहऱ्यावरचा भाव कसा पारखावा

संगणकावर घडवलेले एखादे पात्र नुसते वळून पाहते आणि आपला गळा दाटून येतो. दुसरे ढसाढसा रडत असते, तरी आपण कोरडेच राहतो. हा फरक नेमका कुठे पडतो हे शोधायचे असेल, तर संपूर्ण चित्रपट न घेता अर्ध्या मिनिटाचा एकच प्रसंग निवडावा आणि तो पुन्हा पुन्हा पाहावा.

पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावे. कसलेला आवाज आणि पार्श्वसंगीत मिळून कच्चे ॲनिमेशन सहज झाकून टाकतात, म्हणून ते आधी बाजूला काढणे आवश्यक आहे. आवाजाविनाही भाव पोहोचत असेल, तर तो देहात आहे. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या १९८६ च्या ‘लक्सो ज्युनियर’ या सुमारे दोन मिनिटांच्या लघुपटात फक्त दोन टेबल-दिवे आहेत. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, तरीही चेंडू फुटल्यावर धाकट्या दिव्याचे हिरमुसणे त्याच्या झुकलेल्या मानेवरून आणि मंदावलेल्या चालीवरून कळते.

दुसऱ्यांदा पडद्यावर हात धरून पात्राचे तोंड झाकावे. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये असे मांडले, की ओठांचे कोपरे मनात आणून वर नेता येतात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाखेरीज सहसा हलत नाही. त्यामुळे ओठ हसत असताना गाल वर सरकतो का, खालची पापणी किंचित दाटते का, हे पाहावे. मात्र ते न दिसल्यास लगेच दोष देऊ नये. पात्र केवळ शिष्टाचार म्हणून हसत असेल, तर डोळे न हसणे हाच उत्तम अभिनय ठरतो.

तिसरी पाहणी एकेक फ्रेम, म्हणजे चित्रपटातले एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत करायची, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. स्थिर वस्तूंकडे पाहताना माणसाची नजर सावकाश घरंगळत नाही, ती टुणकन उडी मारते, आणि लहान उडी एक-दोन फ्रेममध्येच संपते. म्हणून बुबुळे संथपणे सरकू लागली की पात्र निर्जीव वाटू लागते.

त्याहून महत्त्वाचा आहे क्रम. समजा, एक आई पत्र वाचत आहे आणि समोर तिचे मूल उभे आहे. वाईट बातमीच्या ओळीवर आधी तिची नजर थबकते; मग ती मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचते; श्वास अडतो, गळ्याशी आवंढा हलतो; त्यानंतर कुठे भुवया आक्रसू लागतात, आणि नेमक्या त्या क्षणी मुलाची आठवण होऊन ती ओठ घट्ट मिटून हसू आणते. भुवया, डोळे आणि ओठ एकाच फ्रेमला हलले असते, तर तो मुखवटा बदलल्यासारखा दिसला असता. बातमी मनात उतरायला लागणारा वेळ दिसला, की पात्र विचार करते यावर आपला विश्वास बसतो.

त्वचा, केस, अश्रूंची चमक यांकडे शेवटी वळावे. प्रकाश त्वचेच्या आत थोडा शिरून, विखरून बाहेर येतो हे संगणकाला जमू लागल्यापासून चेहरे मेणासारखे दिसेनासे झाले, ही प्रगती मोलाचीच आहे. परंतु जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच यंत्रमानवांबाबत लिहिले होते, की माणसाशी साम्य फार वाढले आणि तरीही अपुरे राहिले, तर आपलेपणाऐवजी अस्वस्थता वाटू लागते. हुबेहूब त्वचेमागची नजर चुकली, तर ती चूक व्यंगचित्रासारख्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त बोचते.

अखेरीस प्रसंगातला त्याआधीचा शॉट वगळून केवळ चेहरा पाहावा. रशियन दिग्दर्शक कुलेशोव यांनी नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात कधी भूक, तर कधी दुःख दिसले. शेजारचे दृश्य काढताच भाव नाहीसा झाला, तर तो संकलनाने दिलेला होता. उरला, तर कोणत्या फ्रेमला तो पहिल्यांदा जाणवला ते टिपून ठेवावे आणि तिच्या मागच्या दहा-बारा फ्रेम पुन्हा पाहाव्यात, कारण त्याची तयारी बहुधा तिथेच सापडते.