परदेशी दिलेल्या राजकन्येचं चरित्र लिहायचंय? आधी हुंड्याचा हिशेब काढा

नोकरीभर मी दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर मध्ययुगीन युरोपातल्या राजकन्यांचा नाद लागला आणि जुनी खोड कामाला आली. अशा एखादीचं आयुष्य लिहायचं असेल, तर तहाचा गोडगोड मायना सोडा आणि थेट पैशाचं कलम गाठा. मुलगी तिथं सापडते.

डेन्मार्कची मार्गारेट घ्या. तिचं लग्न स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सशी ठरलं. १४६८ च्या तहात तिच्या वडिलांनी, म्हणजे पहिल्या ख्रिश्चनने, ६०,००० ऱ्हेनिश फ्लोरिन (ऱ्हाइनकाठची सोन्याची नाणी) हुंडा कबूल केला. तिजोरीत खडखडाट! म्हणून ५०,००० पोटी स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं गहाण टाकली आणि १०,००० रोख द्यायचे ठरले. पुढे ८,००० चा वेगळा आकडा दिसला, तेव्हा मला आधी नकलनविसाची चूक वाटली. चूक नव्हती. रोख जमले होते जेमतेम २,०००; उरलेल्या ८,००० साठी १४६९ मध्ये त्यापलीकडची शेटलंड बेटंही गहाण पडली. बेरीज जुळते. गहाण मात्र कधीच सुटलं नाही, १४७२ साली दोन्ही बेटसमूह स्कॉटलंडच्या राजसत्तेला जोडून टाकले.

मग जमेची बाजू बघा, बहुतेक जण ती विसरतात. सासरकडून तिच्या नावावर काय केलं? मार्गारेटला राजाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, लिनलिथगोचा राजवाडा आणि डूनचा किल्ला. पुढे विधवा झालीच तर ती कशावर जगणार, हे या कलमावरून कळतं.

दुसरं काम: प्रत्येक तारखेशेजारी तिचं वय लिहा. पेन्सिलीने लिहा, पण लिहाच. मार्गारेट लग्नात १३ वर्षांची. इंग्लंडची फिलिपा १४०६ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनचा राजा एरिक याच्याशी लग्न करायला जहाजात बसली तेव्हा १२ वर्षांची; चर्चच्या कायद्याने मुलीचं लग्नाचं वय तेवढंच होतं. फ्रान्सच्या इझाबेलला सातवं वर्षही पुरं व्हायचं होतं, १३९६ साली इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डशी लग्न झालं तेव्हा. 'तरुण राणी' असं कुणी लिहिलेलं दिसलं की मी समासात आकडा टाकतो.

कपड्यांच्या याद्या टाळू नका. फिलिपाच्या पोशाखात पांढऱ्या रेशमाचा झगा आणि वर पांघरायचं वस्त्र होतं, कडेला करड्या खारीची आणि अर्मिनची (हिवाळ्यात पांढरा होणारा, मुंगसासारखा छोटा प्राणी) फर लावलेली. पांढऱ्यात लग्न केलेली नोंदीतली पहिली राजकन्या म्हणून तिचं नाव घेतात. मला त्यात फर महत्त्वाची वाटते; लग्न होतं थंड उत्तरेत, तेव्हाच्या डेन्मार्कमधल्या लुंडला, ऑक्टोबरअखेर.

भाषेची चौकशी तर कराच. डेन्मार्कच्या इंगेबोर्गला फ्रान्सचा राजा दुसऱ्या फिलिपने ११९३ मध्ये लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी टाकलं. तिला फ्रेंच येत नव्हतं. घटस्फोटाचा निवाडा दुभाष्याकडून कळल्यावर तिला लॅटिनचे दोन-चार शब्दच सुचले: 'माला फ्रान्किया' म्हणजे वाईट फ्रान्स, आणि मग 'रोमा, रोमा'. वेडेपणा नव्हता तो. दाद पोपकडे मागायची होती. राणीचा मान परत मिळायला १२१३ साल उजाडलं.

शेवटी तो वयाचा कागद पुन्हा काढा आणि लग्नाच्या पुढेही भरत जा. फिलिपाच्या कागदावर १४२८ येतं, तेव्हा हान्सा संघाची (उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांची युती) जहाजं कोपनहेगनवर तोफा डागत असतात आणि शहराच्या बचावाची व्यवस्था ती बघत असते. शेजारी आकडा लिहा: ३३.