कुळाचे देवक आणि त्याची गोष्ट कशी नोंदवून ठेवावी

कोल्हापूर परिसरात आजही लग्नाआधी देवक, म्हणजे कुळाचे पूज्य चिन्ह, बसवले जाते. कुणाकडे कळंब, कुणाकडे मोराचे पीस, तर कुणाकडे पंचपल्लव. मात्र त्यामागची हकिकत सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत, म्हणून पुढच्या कार्याची वाट न पाहता नोंदीला सुरुवात करावी.

पहिली विचारणा आजीकडे करावी. एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक करीत नसत, त्यामुळे तिला माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही देवके बहुधा ठाऊक असतात. छापील कुळयाद्यांपेक्षा तिचा शब्द मी अधिक विश्वासाचा मानतो. देवकाचे नाव लिहून थांबू नये. ते झाड तोडणे, जाळणे किंवा तो प्राणी मारणे घरात वर्ज्य होते का, हे आवर्जून विचारावे, कारण नात्याचा खरा अर्थ त्या बंधनात असतो. ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत माणसाला एखादा प्राणी किंवा वनस्पती कुलचिन्ह म्हणून लाभते, तेव्हा तिच्या राखणीची जबाबदारीही त्याच्याकडे येते आणि कित्येक ठिकाणी तो प्राणी खाणे त्याला निषिद्ध असते. या दोन परंपरांचा उगम एक नाही, तेव्हा नोंदीत त्यांची सरमिसळ करू नये.

बैल घेऊन येणारे, कुळांच्या वंशावळी सांगणारे हेळवी दारी आले, तर त्यांचा मान देऊन वंशावळ ऐकावी, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावी आणि मूळ गाव विचारून घ्यावे.

नंतर त्या गावी जावे. देवराई, पाणवठा, बिरोबाचे ठाणे, जी गोष्ट जिथे घडली असे सांगतात तिथेच उभे राहून ती ऐकावी व जागेसह लिहावी. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरातील अनंगू आदिवासींच्या कथेत कुनिया ही अजगर-स्त्री आणि लिरू हे विषारी सर्प यांच्या लढ्याच्या खुणा त्या खडकावरच दाखवल्या जातात. जागा वगळली तर कथेचा आधारच जातो.

अनंगूंच्या काही कथा केवळ स्त्रियांसाठी, काही केवळ पुरुषांसाठी असतात, काही स्थळांचे छायाचित्र घेऊ नये अशी त्यांची विनंती असते, आणि त्यांच्या आग्रहामुळे 26 ऑक्टोबर 2019 पासून उलुरूवर चढणे बंद झाले. आपल्या घरातही कुणी ‘हे बाहेर सांगायचे नाही’ म्हटले, तर तो भाग वेगळ्या वहीत लिहावा, ती वही कुणाकडे राहील हे भावकीत बसून ठरवावे आणि उरलेल्या नोंदीची एकेक प्रत प्रत्येक घरी द्यावी.