पाणी बदलताच टोड पाण्याबाहेर येतात: माझा अनुभव

अमेरिकेत आल्यावर मी ३८ लिटरच्या काचेच्या टाकीत दोन ओरिएंटल फायर-बेलीड टोड (लाल-नारिंगी पोटाचे छोटे बेडूक) पाळले. ही जात बराच वेळ पाण्यात राहते. माझे टोड मात्र पाणी बदलताच बाहेर येऊन दगडावर बसत आणि दोन-दोन दिवस रातकिड्यांना तोंड लावत नसत. खाद्य बदलले, दगड हलवले, नळाचे पाणी भांड्यात भरून रात्रभर उघडे ठेवले, तरी फरक पडेना; ते मुके जीव तसे बसलेले पाहून फार वाईट वाटे.

शहराच्या पाण्याचा वार्षिक अहवाल वाचल्यावर कारण उमगले. आमच्या पाण्यात क्लोरामीन (पाणी निर्जंतुक ठेवणारे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असते; ते क्लोरीनप्रमाणे रात्रभरात उडून जात नाही आणि टोड तर पाणी त्वचेतूनच शोषतात.

मग प्रथम बादलीभर पाण्यात, क्लोरामीनवर चालतो असे बाटलीवर स्पष्ट लिहिलेला वॉटर कंडिशनर (नळाच्या पाण्यातली अशी रसायने निष्प्रभ करणारा द्रव) दिलेल्या मापाने घालून ढवळला आणि पाणी खोलीच्या तापमानाला येऊ दिले. त्याच पाण्याने भिजवलेला कागदी रुमाल हवेशीर डब्यात अंथरून टोड त्यात ठेवले, टाकी साबणाविना गरम पाण्याने धुतली, ती गार झाल्यावर तयार पाणी ओतले आणि शेवटी टोड सोडले. त्यांच्या त्वचेतून विषारी स्राव येतो, म्हणून हाताळण्याआधी आणि नंतर हात धुतले. त्याच संध्याकाळी दोघेही पाण्यात उतरले.