वायरलेस माइक, रेकॉर्डर, टॉर्चसाठी रिचार्जेबल सेल घेताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की ठाण्यातल्या सोसायट्यांमधून तेच फोन सुरू होतात: माइक मध्येच बंद पडतो, सेट बदलावा का? सेट बहुतेक वेळा धडधाकट असतो. घोळ असतो तो आत घातलेल्या पेन्सिल सेलचा. रेकॉर्डर, टॉर्च आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांच्या तक्रारीही शेवटी सेलपाशीच येऊन थांबतात.

मोठा आकडा बघून सेल घेणं

निकेल मेटल हायड्राइडच्या, म्हणजे नेहमीच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलमध्ये फार तर २५०० ते २८०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) मावतात. वेष्टनावर ३६०० किंवा ४६०० छापलं असेल तर ती निव्वळ छपाई आहे. असा सेल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि आकडा खरा असला तरी जास्त क्षमता फुकट मिळत नाही. एनेलूपचंच बघा. सान्योने २००५ मध्ये आणलेला हा सेल आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळतो. साध्या पांढऱ्याची क्षमता २००० एमएएचच्या आसपास आहे आणि तो २१०० वेळा चार्ज होतो असा कंपनीचा दावा आहे. काळा प्रो २५०० च्या आसपासचा, पण त्याचा दावा ५०० वेळांचा. मी पांढरेच घेतो. दोन तासांच्या कार्यक्रमाला ते पुरून उरतात आणि कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात. जुन्या पद्धतीचे सेल महिन्याभरातच बऱ्यापैकी उतरतात. वर्षातून चार वेळा माइक बाहेर काढणाऱ्या मंडळाला ते काय कामाचे?

टॉर्च आणि स्पीकरमधल्या १८६५० मापाच्या जाड लिथियम सेलवर तर सर्रास ९९०० लिहिलेलं असतं. चांगल्या कंपनीचा सेल साधारण ३५०० पर्यंत जातो. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीसेक ग्रॅम भरला तर परत करा.

हाताला लागतील ते दोन सेल घालणं

या चुकीबद्दल बोलून बोलून माझा घसा बसायची वेळ आली आहे.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत बालनाट्य होतं. सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. मंडळाच्या एका उत्साही मुलाने चार्ज केलेल्या डब्यातून येतील तसे दोन-दोन उचलले आणि पॅकमध्ये, म्हणजे कलाकाराच्या कमरेला लावायच्या माइकच्या डबीत, भरले. दुसऱ्या प्रवेशात राणी झालेल्या मुलीचा आवाज गेला. पोरगी धिटाईने वरच्या पट्टीत बोलत राहिली, पण ट्रॅकवरचं गाणं लागलं आणि तिचा आवाज पार बुडाला. विंगेत पॅक उघडून मल्टीमीटर लावला. एका सेलवर १.२३ व्होल्ट, दुसऱ्यावर ०.६.

"काका, दोन्ही रात्रभर चार्जिंगला होते हो!"

होतेच. पण एक नुकताच घेतलेला होता आणि दुसरा कित्येक वर्षं राबलेला. माइकमध्ये दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे दोघांतून सारखाच प्रवाह जातो. जुन्यात साठा कमी, म्हणून तो आधी संपतो. मग दोघांची मिळून बेरीज खाली येते आणि पॅक बंद पडतो. नव्या सेलमध्ये चार्ज शिल्लक असतो, पण त्याचा उपयोग शून्य. साध्या टॉर्चमध्ये याहून वाईट घडतं. तिथे आपोआप बंद होण्याची सोयच नसते. नवा सेल रिकाम्या सेलमधून प्रवाह ढकलतच राहतो, रिकाम्याचे धन-ऋण उलटे होतात आणि तो कायमचा बाद होतो.

माझी सवय साधी आहे. सेल आणले त्याच दिवशी मार्करने अंगावर महिना-वर्ष आणि जोडीचं अक्षर लिहायचं. 'क' जोडी एकत्र चार्ज होते, एकत्र वापरली जाते आणि एकत्रच निवृत्त होते. एक सेल हरवला तर उरलेला भिंतीवरच्या घड्याळात. एवढं लिहायचा कंटाळा असेल तर कार्यक्रमाची जबाबदारी घेऊ नये.

'अर्धीच दाखवतोय' म्हणून चांगले सेल फेकणं

अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरायचा साधा सेल दीड व्होल्टवर सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो. रिचार्जेबल बहुतेक वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. उपकरण अल्कलाइन धरून मोजत असेल तर भरलेली जोडीही त्याला अर्धी वाटते. बऱ्याच रेकॉर्डरच्या आणि काही माइकच्या मेनूत सेलचा प्रकार निवडता येतो. आधी तो बदला. तरीही कार्यक्रमात मी चार्ज दाखवणाऱ्या दांड्यांवर विसंबत नाही. मध्यंतरात प्रमुख पात्रांच्या माइकमधल्या सेलच्या जोड्या बदलतोच.

चार्जरवर पैसे वाचवणं

महागडे सेल आणि सोबत भेट मिळालेला चार्जर, हे गणित मला आजवर पटलेलं नाही. स्वस्त चार्जर दोन-दोन सेल मिळून चार्ज करतात आणि कधी थांबायचं ते नुसत्या घड्याळावर ठरवतात, किंवा थांबतच नाहीत. प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला, सेल भरला की त्याचा त्याला थांबवणारा चार्जर घ्या. आणि अर्ध्या तासात भरून देणाऱ्याच्या नादी लागू नका. सेल तापतात आणि तापलेले सेल लवकर म्हातारे होतात. कार्यक्रम संध्याकाळी आहे हे आदल्या दिवशीही माहीत असतं, मग चार्जिंगची आठवण दुपारी चारला का व्हावी?

बाकीच्या चुका

साधे अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नका. गळतात.

सेल फ्रिजमध्ये ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढताच त्यांना पाणी सुटतं.

कार्यक्रम संपला की पॅकमधून सेल काढून ठेवा.

सेल सुटे खिशात टाकू नका. किल्ल्यांना टोकं टेकली की शॉर्ट होतात.

१४५०० हा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, पण ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या माइकमध्ये असे दोन घातले तर तीनच्या जागी सात-साडेसात व्होल्ट जातात आणि सर्किट जळू शकतं. ऑनलाइन मागवताना व्होल्टेजची ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका.