भिंतीची ओल खालून चढत होती

आमचं गाव यवतमाळकडचं, जमीन काळी. मागच्या भिंतीला हातभर उंच लोणा, म्हणजे ओलीनं येणारी पांढरी खारट पूड, फुटायचा, अन् थंडी पडली की खोलीत कुबट गारवा. गवंडी म्हणाला, "सिमेंट मारून टाकू भाऊ." मी नाही म्हटलं. सिमेंटनं ओल आत कोंडते अन् आणखी वर चढते.

पायाला धक्का न लावता भिंतीलगतची काळी माती काढली, मुरूम ठोकून अंगणाकडे उतार दिला, टिनावरचं पाणी नालीत वळवलं. जुने पोपडे खरवडून उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. पाहुणे हसले, हसू दे. खडखडीत वाळल्यावरच चुन्याचा गिलावा केला. आता नखानं टोकरलं तरी पांढरी पूड पडत नाही.

जानेवारीत पहाटे टिनाखाली थेंब धरतात, त्यासाठी वर झरोका पाडला. आईनं तो गार वारा लागतो म्हणून गोणपाटानं बुजवला आहे.